वार्धक्यातील अस्थिभग्न : औषधे, रक्तातील अस्थिसूचक आणि वैद्याचा विवेक

प्रास्ताविक

वार्धक्य हा वातप्रकोपाचा काळ आणि अस्थी हे वाताचे आश्रयस्थान, ही दोन सूत्रे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत कंठस्थ केली आहेत. त्यांचा प्रत्यक्ष अर्थ मात्र व्यवसायात पडल्यावर उमगतो. न्हाणीघरात पाय घसरून, अंगणात ठेच लागून किंवा बंडीतून उतरताना तोल जाऊन मनगट, नितंब वा मणका मोडलेले वृद्ध रुग्ण वणीसारख्या तालुक्याच्या गावी कोणत्याही वैद्याला नवे नाहीत. शस्त्रकर्म बहुधा नागपूर, चंद्रपूर किंवा सेवाग्राम येथे होते. त्यानंतरचे तीन-चार महिने रुग्ण आपल्या गावी असतो आणि त्या काळात त्याच्या उशाशी अस्थितज्ज्ञांची औषधे व आपली औषधे शेजारी शेजारी असतात. यात आता प्रयोगशाळेच्या अहवालाची भर पडली आहे. 'अल्कलाइन फॉस्फटेज', 'सीटीएक्स', 'पी-वन-एन-पी' असे शब्द आणि त्यांपुढील आकडे घेऊन नातलग विचारतात, "वैद्यराज, हाड जुळले का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रक्तातील अस्थिसूचकांचा उपयोग निश्चित आहे, परंतु तो वेगळ्या कामासाठी आहे. हा भेद ध्यानी न घेतल्यास आपण आपल्या कल्पांना न मिळालेले श्रेय देऊ आणि रुग्णाचे दुसरे हाड मोडण्याची वेळ आणू.

ग्रंथांतील आधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात भग्नाचे संधिमुक्त व काण्डभग्न असे दोन वर्ग करून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. तेथेच साध्यासाध्यतेचा विचार करताना कृश, वृद्ध, बाल, क्षतक्षीण, कुष्ठी व श्वासपीडित यांचे भग्न कष्टसाध्य म्हटले आहे. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अल्प आहार घेणारा, असंयमी व वातप्रकृतीचा रुग्ण यांचाही त्यात समावेश केला आहे. सांधा स्थिर होण्यास पूर्ववयात एक, मध्यवयात दोन व उत्तरवयात तीन महिने लागतात, हा त्यांचा काळनिर्देश आजच्या अनुभवाशीही बराचसा जुळतो.

हे झाले भग्नाचे. याखेरीज अस्थीच्या मूळ दौर्बल्याचा विचार संहितांनी स्वतंत्रपणे केला आहे. चरकाचार्यांनी मज्जाक्षयात अस्थी झिजल्यासारख्या, दुर्बल व हलक्या होतात असे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी त्याच प्रसंगी अस्थिशून्यता हा शब्द योजला आहे. आजच्या ऑस्टिओपोरोसिसशी यापेक्षा अधिक जवळचे वर्णन शोधणे कठीण आहे.

म्हणजे वृद्ध रुग्णात आपल्यासमोर दोन व्याधी असतात. एक, विशिष्ट जागी झालेला भग्न. दुसरा, सर्व अस्थींत पसरलेला क्षय. पहिल्याची चिकित्सा स्थापन, बंधन, विश्रांती व संधान अशी आहे आणि तिला काळाची मर्यादा आहे. दुसऱ्याची चिकित्सा दीर्घकाळ चालते. भग्न जुळला म्हणून क्षय थांबत नाही आणि क्षयाचे औषध सुरू केले म्हणून भग्न लवकर जुळेल असेही नाही.

अस्थिसूचक म्हणजे काय

अस्थी हा स्थिर पदार्थ नाही. तिचा जुना अंश सतत विरघळतो व त्या जागी नवा घडतो. विरघळवणाऱ्या पेशी कोलेजनचे तंतू तोडतात तेव्हा त्यांचे तुकडे रक्तात येतात. सीटीएक्स ही त्यांपैकी एका तुकड्याची मोजणी. घडवणाऱ्या पेशी नवे कोलेजन रचताना त्याच्या टोकाचा एक भाग छाटून टाकतात. तो भाग म्हणजे पी-वन-एन-पी. सोप्या भाषेत पहिला क्षयाचा व दुसरा पोषणाचा सूचक होय. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी २०११ मध्ये हे दोन सूचक प्रमाणभूत म्हणून वापरावेत अशी शिफारस केली. अल्कलाइन फॉस्फटेज ही चाचणी जुनी व स्वस्त आहे, परंतु हे द्रव्य यकृतातूनही येते. म्हणून कामला वा यकृतविकार असता केवळ त्यावरून अस्थीविषयी निष्कर्ष काढू नये.

रक्त घेण्याची वेळही महत्त्वाची आहे. सीटीएक्स पहाटे अधिक असतो आणि अन्नसेवनाने घटतो, यास्तव नमुना सकाळी उपाशीपोटी घ्यावा लागतो. एकदा सकाळी उपाशी व पुढच्या वेळी दुपारी जेवून आलेल्या रुग्णाचे आकडे घटलेले दिसतील आणि त्यात कोणत्याही औषधाचा गुण नसेल. पी-वन-एन-पीवर आहाराचा व वेळेचा परिणाम अत्यल्प असतो. वृक्काचे कार्य मंदावलेले असल्यास सीटीएक्स रक्तात साचतो, हेही लक्षात असावे. शिवाय एकाच व्यक्तीत दोन दिवसांच्या मोजणीत स्वाभाविक चढउतार असतो. पाव भागापेक्षा कमी फरकावर सहसा अर्थ लादू नये.

भग्नानंतर सूचकांचे वर्तन

प्रस्तुत विषयाचा गाभा येथे आहे. हाड मोडताच त्या जागी दुरुस्तीचे काम सुरू होते आणि त्याचे अवशेष रक्तात येऊ लागतात. पहिल्या एका दिवसात घेतलेला नमुना बहुधा भग्नपूर्व स्थिती दाखवतो. त्यानंतर काही आठवड्यांत दोन्ही सूचक वाढतात, काही महिने वाढलेले राहतात आणि मोठ्या अस्थीच्या भग्नात वर्षभरानंतरही पूर्णपणे मूळपदावर आलेले नसतात. अंथरुणाला खिळून राहिल्याने होणारा क्षयही त्यात मिसळतो. रक्ताला जागा कळत नाही : मनगटाच्या दुरुस्तीतून आलेला अंश व मणक्याच्या क्षयातून आलेला अंश तेथे एकच आकडा होऊन दिसतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सत्तर वर्षांच्या स्त्रीचे मनगट मोडले आहे. तिसऱ्या आठवड्यात आपण लाक्षादि गुग्गुळ व क्षीरपाक सुरू केला. सहाव्या आठवड्यात अल्कलाइन फॉस्फटेज व पी-वन-एन-पी वाढलेले आढळले. 'पोषण वाढले' असे म्हणण्याचा मोह होतो. सहा महिन्यांनी तेच आकडे उतरले. आता 'संधान पूर्ण झाले' असे म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः काहीही औषध न घेतलेल्या रुग्णातही ही चढण व ही उतरण होते. अशी नोंद आपल्या नियतकालिकांत यशस्वी चिकित्सेचा पुरावा म्हणून येऊ लागली, तर शास्त्राची बाजू बळकट होण्याऐवजी दुबळी होईल. तुलनेसाठी समान वयाचे, समान भग्नाचे व ते औषध न घेतलेले रुग्ण हवेत. त्यावाचून हा आकडा मूक आहे.

भग्न जुळल्याचा निर्णय अद्यापही परीक्षणावर व क्ष-किरण चित्रावर अवलंबून आहे. दाबल्यावर वेदना नाही, अस्वाभाविक हालचाल नाही, भार पेलताना शूल नाही आणि चित्रात निदान तीन बाजूंनी सेतू बांधला गेलेला दिसतो, ही लक्षणे एकत्र पाहावीत.

आधुनिक औषधे आणि संधान

अस्थिक्षयावरील आधुनिक औषधांचे दोन गट पडतात. क्षय रोखणारी औषधे म्हणजे अ‍ॅलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड व डेनोसुमॅब. अस्थी घडवणारी औषधे म्हणजे टेरिपॅराटाइड व रोमोसोझुमॅब. यांपैकी दुसरे घडवते आणि क्षयही काही अंशी रोखते.

क्षय रोखणारे औषध दिल्यास दुरुस्तीही अडेल, अशी शंका अनेकांना येते व ती तर्काला धरून आहे. मात्र प्रत्यक्ष चाचण्यांनी तिला पुष्टी दिलेली नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नितंबभग्नाचे शस्त्रकर्म झालेल्या २१२७ रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रकर्मानंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देण्यात आले व पुढे वर्षातून एकदा ते दिले गेले. नवा भग्न औषध घेणाऱ्यांत ८.६ टक्के, तर इतरांत १३.९ टक्के रुग्णांत झाला. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ९.६ व १३.३ टक्के होते. संधानाला विलंब होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

घडवणाऱ्या औषधांची कथा अधिक बोधप्रद आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मनगट मोडलेल्या १०२ स्त्रियांना टेरिपॅराटाइड वा निष्क्रिय औषध दिले होते. चित्रात संधान दिसण्यास निष्क्रिय औषधावर ९.१ आठवडे, २० मायक्रोग्रॅम मात्रेवर ७.४ आठवडे व ४० मायक्रोग्रॅम मात्रेवर ८.८ आठवडे लागले. मात्रा दुप्पट केल्याने लाभ दुप्पट झाला नाही. उलट मोठ्या मात्रेचा फरक सिद्धच झाला नाही. रोमोसोझुमॅब पी-वन-एन-पी झपाट्याने वाढवते. तरीही नितंब व नडगीच्या भग्नांवरील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्याने संधान लवकर घडवल्याचे दिसले नाही. पोषणाचा सूचक वाढणे आणि मोडलेले हाड लवकर जुळणे या दोन गोष्टी एक नाहीत, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला नसावा.

मग या सूचकांचा उपयोग काय? क्षय रोखणारे औषध लागू पडले की सीटीएक्स काही आठवड्यांत उतरतो व पी-वन-एन-पी तीन ते सहा महिन्यांत उतरतो. टेरिपॅराटाइडवर पी-वन-एन-पी पहिल्या एक-दोन महिन्यांत चढतो. औषध रुग्ण खरोखर घेतो आहे काय, ते शोषले जाते काय, हे त्यावरून अस्थिघनतेच्या चाचणीपेक्षा पुष्कळ आधी कळते. अपेक्षित बदल दिसला नाही तर चौकशी करावी. भग्नाची वाढ त्यात मिसळलेली असू शकते, हेही तेव्हा ध्यानी असावे.

आपली औषधे : स्थान व सावधता

अस्थिशृंखला अर्थात कांडवेल, लाक्षा, अर्जुन, अश्वगंधा, नागबला, बाभूळ व गुग्गुळ ही आपली परंपरागत भग्नौषधे. कांडवेलीवर काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा व डॉ. जी. सी. प्रसाद यांनी केलेले प्राण्यांवरील प्रयोग १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत किरणोत्सारी कॅल्शियम वापरून व अस्थीचे बळ मोजून संधानाचा अभ्यास केला होता. ही आपल्या शास्त्राला अभिमानास्पद सुरुवात आहे. परंतु प्राण्यांतील निरोगी अस्थीवरचा निष्कर्ष क्षीण अस्थीच्या वृद्धाला जसाच्या तसा लावता येत नाही.

वृद्धाच्या अस्थिक्षयात आपले खरे बळ आहार, स्नेह व बस्ती यांत आहे. अस्थ्याश्रित व्याधींत पंचकर्म, विशेषतः बस्ती व तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृत, असा चरकाचार्यांचा आदेश आहे. सुश्रुताचार्यांनी भग्नरुग्णास शाली, मांसरस, दूध, तूप व यूष द्यावे. लवण, कटू, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, ऊन व व्यायाम वर्ज्य करावेत, असे सांगितले आहे. केवळ ज्वारीची भाकरी व मिरचीचा ठेचा यावर राहणाऱ्या, दात पडल्याने कमी खाणाऱ्या वृद्धेला प्रथिनांची किती गरज असते, हे वेगळे सांगायला नको. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज १००० व रजोनिवृत्त स्त्रियांसाठी १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. दूध, ताक, नाचणी, तीळ व शेवग्याचा पाला यांतून त्याचा मोठा भाग भागवता येतो. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता मात्र आपल्या उन्हाच्या प्रदेशातही सर्रास आढळते, म्हणून ती तपासून पूर्ण करावी.

सावधतेचे मुद्दे पुढीलप्रमाणे :

१. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची असते व त्यानंतर किमान अर्धा तास न झोपता बसून किंवा उभे राहायचे असते. प्रवाळ, शंख, मुक्ताशुक्ती, कुक्कुटाण्डत्वक् ही सर्व भस्मे कॅल्शियमयुक्त आहेत. पहाटे अनशापोटी दिलेले प्रवाळपंचामृत किंवा क्षीरपाक त्या गोळीचे शोषण जवळजवळ नाहीसे करतात. ही भस्मे जेवणाच्या वेळी द्यावीत. गोळीच्या दिवशी सकाळी आपले काहीही देऊ नये.

२. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. ते मध्येच थांबल्यास सीटीएक्स पूर्वीपेक्षाही वर उसळतो व एकापाठोपाठ एक मणके मोडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. 'आता आपले औषध सुरू आहे, ते बंद करा' असा सल्ला या रुग्णाला कदापि देऊ नये. इंजेक्शनची तारीख आपल्या नोंदवहीतही लिहून ठेवावी.

३. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब व आपले रसकल्प या सर्वांपूर्वी वृक्काची तपासणी आवश्यक आहे.

४. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या हृदयौषधांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे आढळले आहे. नितंबाच्या शस्त्रकर्मानंतर रक्त पातळ ठेवणारी औषधेही चालू असतात. रुग्णाच्या सर्व चिठ्ठ्या पाहिल्याविना गुग्गुळकल्प लिहू नयेत.

५. कांडवेलीच्या ताज्या कांडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून ती तुपात परतून देण्याचा प्रघात आहे. मूतखड्याच्या रुग्णात ती टाळलेली बरी.

आपल्या भागातील विशेष

यवतमाळ जिल्ह्यातील वैद्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली पाण्याची. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय मानकानुसार ही मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, व अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. दीर्घकाळ असे पाणी प्यायलेल्या रुग्णात अस्थिघनता वाढलेली दिसू शकते आणि अल्कलाइन फॉस्फटेजही. दाट दिसणारी अस्थी बळकट असतेच असे नाही. अमेरिकेत रजोनिवृत्त स्त्रियांना सोडियम फ्लोराइड देऊन केलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९० मध्ये आला : कमरेच्या मणक्यांची घनता पुष्कळ वाढली, पण मणक्यांचे भग्न लक्षणीयरीत्या घटले नाहीत आणि अन्य अस्थींचे भग्न वाढले. म्हणून घरच्या बोअरवेलचे पाणी तपासण्यास सांगणे हा आपल्याकडे अस्थिचिकित्सेचाच भाग मानावा. दात पिवळे-तपकिरी, मान व कंबर ताठ, असे घरात एकाहून अधिक जणांत दिसल्यास विशेष शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट अप्रिय आहे. सांधेदुखीवर हमखास गुण म्हणून विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे देशात वेळोवेळी उघड झाली आहेत आणि त्या पुड्या आपल्या शास्त्राच्या नावाने खपतात. स्टेरॉइडने अस्थी घडवण्याचे काम मंदावते, पी-वन-एन-पी उतरतो व हाड किरकोळ धक्क्याने मोडते. सुश्रुतांच्या यादीतील श्वासपीडित रुग्णही आज पुष्कळदा स्टेरॉइडवर असतो. प्रत्येक वृद्ध भग्नरुग्णाला 'दुखण्यासाठी कोणती पुडी घेता?' हे विचारावे. घेत असल्यास ती एकाएकी बंद न करता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी करावी, कारण अचानक थांबवणे प्राणावर बेतू शकते.

चिकित्साक्रम

नितंबाच्या भग्नाची शंका येताच रुग्णास बंधनात अडकवून न ठेवता शस्त्रकर्मासाठी पाठवावे. तेथे विलंब घातक ठरतो. मोठा आघात नसता हाड मोडले असल्यास अस्थिक्षय गृहीत धरून चौकशी सुरू करावी. कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड व रक्तकण तपासावेत. सूचक मोजायचे असल्यास पहिल्याच दिवशी, अथवा औषध सुरू करण्यापूर्वी सकाळी उपाशीपोटी नमुना घ्यावा आणि अहवालावर भग्नाची तारीख लिहावी. पुढील मोजणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी व्हावी. अस्थितज्ज्ञांचे औषध चालू ठेवून आहार, क्षीर-घृत, मृदू बस्ती, अभ्यंग व सांभाळून केलेली हालचाल यांची जोड द्यावी. भग्नस्थानी मर्दन करू नये. शेवटी न्हाणीघरातील शेवाळ, रात्रीचा अंधार, ढिली चप्पल व मोतीबिंदू यांकडे लक्ष द्यावे. पडणे टळले तर दुसरा भग्न बहुतांशी टळतो.

उपसंहार

वृद्धाचा एक भग्न ही पुढच्या भग्नाची सूचना असते. पहिला जुळला म्हणून समाधान मानले व औषध सुटले, तर वर्ष-दोन वर्षांत तोच रुग्ण नितंब मोडून येण्याची भीती असते, आणि त्यातून अनेक जण पूर्ववत चालू शकत नाहीत. रक्तातील सूचकांकडे आपण क्षयाच्या चिकित्सेचा आरसा म्हणून पाहावे. संधानाचे प्रमाणपत्र म्हणून त्यांचा वापर करू नये. आपल्या कल्पांचा गुण सिद्ध करण्याची इच्छा रास्त आहे. त्यासाठी समान रुग्णांची तुलना, तारखांसह नोंदी आणि क्ष-किरण चित्रे जपून ठेवण्याची शिस्त प्रत्येक दवाखान्यात रुजावी, ही आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.